तोफेचा पासवर्ड

माझी भाची इस्पितळात संगणकावरच्या रुग्णनोंदी सांभाळते. मी तिथेच वायरमन होतो. केबल ओढताना माझे हात सोलवटायचे, तेव्हा लोकांना कष्ट दिसायचे. तिचे दिसत नाहीत. सगळं सुरळीत चाललं की म्हणतात, ही नुसती बसून असते. बंद पडलं की म्हणतात, ही करत काय होती?

जुनी यंत्रणा थकली होती. रक्ताचे रिपोर्ट मधेच अडकायचे. भाचीने वर्षभर खपून नवी उभी केली. पण वरून अट आली: शुक्रवारपर्यंत प्रत्येक डॉक्टरने सरावाची एक नोंद स्वतःच्या हाताने करायची. एक जरी राहिला, तर नवी यंत्रणा बासनात.

राहिले फक्त मोठे सर्जन. पाठीमागे आम्ही त्यांना तोफ म्हणायचो.

"माझे हात ऑपरेशनसाठी आहेत," ते म्हणायचे. "टाइप सिस्टर करतील."

भाचीने विनवण्या केल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत शिडीवर चढून छतातली केबल बदलत होतो. भाची आली. सिस्टरना तिने आधीच चहाला पिटाळलं होतं.

"सर, नव्या डॉक्टरांना सरावाला एक रोगी बनवलाय. बरोबर आहे ना, एवढं बघता?"

तोफेने चष्मा चढवला. "उजवीकडे खाली पोटदुखी, ताप, उलट्या. अपेंडिक्स! शेंबडं पोरही सांगेल. आणि उपचार? गरम पाण्याची पिशवी? अगं, फुटेल ते! कुठल्या गाढवाने लिहिलंय?"

"मीच, सर. राहू दे की. रोगी कुठे खरा आहे?"

"खरा नाही म्हणून काय मारायचा? खोड ते!"

"मला येत नाही खोडता. डॉक्टरांनाच येतं, पासवर्ड टाकून."

"सिस्टर!"

माझी शिडी हलली. सिस्टर काही आल्या नाहीत.

तोफ खुर्चीत बसली. एका बोटाने, दात-ओठ खात, पासवर्ड टाकला. पिशवी खोडली. ऑपरेशन लिहिलं. औषधं लिहिली. घाम पुसला.

"आता ठीक. वाचला बिचारा."

"आम्हीपण वाचलो, सर," भाची म्हणाली. "तुमची नोंद झाली."

तोफेने आधी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग वर माझ्याकडे. "वायरमन, ही तुमची कोण?"

"भाची, साहेब. पण वळण तिच्या बापाचं."

सोमवारी नवी यंत्रणा सुरू झाली. दुपारी भाचीचा फोन आला.

"मामा, सरावाच्या यादीत नवा रोगी आलाय. स्त्री, संगणक विभाग. लक्षण: वडीलधाऱ्यांना बनवणे. आजार जुनाट. उपचार नाही."

"मग काढून टाक."

"डिस्चार्जवर सही सरांची लागते. विचारलं तर म्हणतात, अजून तपासण्या चालू आहेत."

मी निवृत्त झालो. ती अजून भरतीच आहे.