सिद्धूची पुजलेली कुऱ्हाड

शंभूराजचं नाव निघालं की आजबी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाती. लोक म्हणत्यात, "युवराज, खेळच व्हता तो, सोड की आता." कसा सोडू? डोंबल!

सिद्धू निमगाव केतकीचा. बापजाद्यांची मेंढरं व्हती, ती इकून वडलांनी डाळिंब लावलं. मेंढरांच्या काळातली एक कुऱ्हाड तेवढी घरात राहिली. पंच्याण्णव साली बारामतीला डिप्लोमाला सिद्धू, शंभूराज आन् मी एका खोलीत राहायचो. शंभूराजनं पुण्याच्या मामेभावाकडनं एका इंग्रजी खेळाच्या पुस्तकाची झेरॉक्स आणली. आपापल्या कागदावर एकेक गडी लिवायचा, फासं टाकायचं, राक्षसांशी लढायचं. गोष्ट सांगणार शंभूराज, निवाडा करणार शंभूराज. वाद झालाच, तर तिसऱ्यानं कौल द्यायचा. गडी मेला की कागद फाडायचा.

वीस पैलूंचा फासा बारामतीत कुठं मिळणार? सिद्धूनं बाभळीचं लाकूड कानशीनं घासून आठ दिवसांत तयार केला. बोटं सोलवटली बिचाऱ्याची.

त्याचा गडी मेंढपाळ, नाव बिरू. पहिल्याच दिवशी कागदावर लिवलं, 'कुऱ्हाड, खंडेनवमीला पुजलेली, भंडारा लावलेली.' खाली शंभूराजची सही. वर्गात सरांनी नाव विचारलं तरी सिद्धू खाली बघायचा. पण बिरू म्हणून बोलाया लागला की आवाज असा खणखणीत, शेजारच्या खोलीतली पोरं दारात येऊन हुभी राहायची. दोन वर्षं त्यानं तो कागद जीवापाड जपला.

शेवटच्या परीक्षेआधीचा डाव. राक्षस पुढं आला, माझा गडी पळाला, बिरूनं वाट अडवली. सिद्धूनं फासा टाकला. वीस! दारातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

शंभूराज म्हणाला, "घाव बसला. इजा शून्य."

"का?"

"पुस्तकात हाय. साध्या हत्यारानं ह्याला खरचटतबी न्हाय. मंतरलेलंच पायजे."

सिद्धूनं कागदावर बोट ठेवलं. "माझी पुजलेली हाय. तुझी सही हाय."

शंभूराज फिदीफिदी हसला. "आरं, भंडारा फासून जादू हुती व्हय? मेंढरामागची कुऱ्हाड ती!"

"मग तुझ्या जीपला लिंबू-मिरची कशाला? नवी आणली तवा नारळ फोडल्याबिगर चाक हाललं न्हाय तिचं."

पोरं खो-खो हसली. शंभूराज लालबुंद झाला. "युवराज, तू दे कौल."

दर शनवारी मी त्याच्याच जीपनं लासुर्ण्याला घरी जायचो. आन् आमच्या घरी खंडेनवमीला विळा-खुरपं मीच पुजतो. पुजल्यावर दसऱ्यापस्तोर कुणाला हात लावू देत न्हाय. तरी म्हणालो, "पुस्तकात हाय म्हंजी... हाय." जीभ कशी झडली न्हाय माझी!

पुढच्या फाशाला राक्षसानं बिरूला मारलं. शंभूराजनं कागद टराटरा फाडला. सिद्धूनं फासा खिशात घातला आन् खोली सोडली. परीक्षेला आला, पेपर लिवले, आमच्याकडं बघितलंबी न्हाय.

दोन वर्सांनी खंडेनवमीला मी निमगावला त्याच्या घरी गेलो. देव्हाऱ्यापुढं कुऱ्हाड मांडली व्हती, भंडाऱ्यानं पिवळीजर्द. तिच्या शेजारी तो बाभळीचा फासा, त्यालाबी भंडारा. सिद्धूनं बसायला घोंगडं टाकलं, चहा दिला. मी शंभूराजला शिव्या द्यायला लागलो. हलकट, माजोरडा, तोंडाला येईल ते. सिद्धूनं सगळं ऐकून घेतलं.

"त्याचं काय न्हाय रं," तो म्हणाला. "साध्या हत्यारानं लागत न्हाय, असं पुस्तकात व्हतं न्हवं? तुझा शब्दबी साधाच व्हता, युवराज. लई लागला."