दोन मीटर, एक न्यूट्रल

काळेवाडीतल्या आमच्या हॉलमधला दिवा बरेच दिवस लुकलुकत होता. बायको म्हणायची, सगळ्या गावाच्या खिडक्यांना ग्रिल बसवता, घरातला एक दिवा नीट होत नाही तुमच्याकडून. बल्ब बदलला, होल्डर बदलला, दुकानदाराशी भांडूनही आलो. शेवटी तिनेच वायरमन बोलावला. त्याने मजुरी सांगितली, मी ती निम्म्यावर आणली, मग त्याने जिन्याखालचा बोर्ड उघडला.

"शेठ, वर कोण राहतं?"

"भाऊ. त्याचा मीटर वेगळा आहे."

हे सांगताना आजही माझं डोकं फिरतं. आई गेल्यावरही आम्ही दोघं एका चुलीवर जेवत होतो. मी खाली वेल्डिंग मशीन टाकलं आणि दादाने मला न विचारता वेगळ्या मीटरचा अर्ज देऊन टाकला. विचारलं असतं तर सगळं बिल मीच भरलं असतं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही; जिन्यावर पाऊल वाजलं की मी दार लावून घेतो.

वायरमन म्हणाला, मीटर दोन झाले, पण न्यूट्रलची, म्हणजे करंट परत जायची, वायर दोन्ही घरांना अजून एकच आहे आणि तिचा जोड ढिला झालाय. वर लोड पडला की खालचा दिवा दबतो. वायर वेगळी करायला हवी.

दिवा कधी दबतो ते मला पाठ होतं. पहाटे दबला की दादाची फर्स्ट शिफ्टची इस्त्री. थरथरला की वहिनीचा मिक्सर. दादा आजारी होता तेव्हा पहाटे दिवा हललाच नाही. मी मात्र रोज उठून दिव्याकडे बघत बसायचो.

वरची लाइन बंद करायची म्हणून वायरमनने दादाला खाली बोलावलं. दादा माझ्याकडे न बघता त्याला म्हणाला, "ते काय म्हणतात?"

समोरचा माणूस आकडा बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, हे मला धंद्याने शिकवलंय. मी बोर्डाकडे बघत राहिलो. दादा बराच वेळ थांबला.

"करून टाका वेगळं," म्हणाला आणि जिना चढून गेला.

वायरमनने दोन्ही मेन स्विच पाडले. पंखे थांबले, आणि वरून वहिनीचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "भावजी कसे दिसतात हो आता?"

दादाचं उत्तर ऐकायला मी जिन्याकडे सरकलो.

"शेठ, कापू का?" वायरमनने विचारलं.

"थांब की जरा," मी त्याच्यावर खेकसलो.