आमच्या वाडीचा नंबर

पत्त्यातली जात रंगाने पुसता येते का? काल आमच्या वाडीच्या फलकावरचं जुनं, जात सांगणारं नाव ऑइलपेंटने पुसलं जात होतं. त्या वासाने मला लहानपणच्या पडवीत नेलं. बोटीवर रंगकाम करणारे हसनचाचा सुट्टीवर आले की त्यांच्या कपड्यांना हाच वास यायचा. अशाच एका सुट्टीतल्या दुपारी त्यांनी फ्रान्समधल्या मार्सेय शहराचा नकाशा चटईवर पसरला होता.

"तिथं वाड्यांना नुसते नंबर. एक ते सोळा."

"आमची सतरावी!" मी ओरडलो.

आत्या तांदूळ निवडायची थांबली. "म्हणजे पत्ता सांगितला की पुढल्याचा चेहरा बदलत नाय?"

चाचा हसले, मग हळूच म्हणाले, "बदलतो गो बाय. काही नंबर ऐकले की तिथंही भाड्याने खोली देत नाहीत."

आत्या पुन्हा तांदूळ निवडू लागली. तेव्हा मला चाचांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्यांनी आम्हाला खोटं स्वप्न दिलं नाही, हेच त्यांचं प्रेम.

नाव बदला, बदलायलाच हवं. पण रंग वाळला की आमच्या पडवीत या, आणि आत्याच्या हातचा चहा प्या.