सलीमच्या अब्बांची पँट्री कार

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं, त्यालाही परवाच सांगितलं — इतक्या वर्षांनी.

मला आगगाड्यांचा नाद आहे. छोट्या, टेबलावर धावणाऱ्या. अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा कारखाना आहे. त्याच्या माळ्यावर मी आणि सलीमनं मिळून रूळ अंथरलेत. सलीमचा ट्रान्सपोर्टचा धंदा. माझा माल त्याच्या टेम्पोतून जायचा, त्यातून दोस्ती झाली. इंजिनं मिळतात हो. पण आपल्याकडच्या जुन्या डब्यांची, सुटे भाग जोडून बनवायची किट्स? ती बनवणारे कधीच बंद पडले. कुणी शौकीन म्हातारा गेला की त्याची मुलं कपाट रिकामं करून ऑनलाइन लिलावात टाकतात — तेव्हा काय ते हाती लागायचं. आमचं ठरलेलं होतं, आधी ज्याला दिसेल त्याचं. दुसऱ्यानं बोली लावायची नाही.

सलीमला पँट्री कार हवी होती, गाडीतला स्वयंपाकाचा डबा. त्याचे अब्बा त्या डब्यात स्वयंपाकी होते. लहानपणी एकदा त्यांनी सलीमला सोबत नेलं होतं, कांद्याच्या पोत्यावर बसवून. ते सांगताना त्याचा चेहरा — जाऊ दे. मला हे सगळं माहीत होतं, एवढंच सांगायचंय.

एका रविवारी त्याला ते किट दिसलं. माळ्यावर, माझ्यासमोर बसूनच तो बोली लावत होता. आणि मी? मीही लावत होतो. टेबलाखाली फोन धरून, दुसऱ्या नावाच्या खात्यावरून.

“कोन हाय रे हा, मल्लू? सोडेनाच की!”

“असेल कुणी परदेशातला,” मी म्हणालो.

हसतसुद्धा होतो बहुतेक. शेवटी त्यानं फोन पालथा ठेवला. मी त्याच्यासाठी चहा मागवला.

का केलं? मला हवं होतं म्हणून. दुसरं कारण पुष्कळ शोधलं — नाही सापडलं.

किट आलं. पण जोडणार कुठे? दाखवणार कुणाला? खोकं सुताच्या पोत्यांमागे पडून राहिलं. सलीम मात्र लिलाव चाळतच राहिला, आणि मी शेजारी बसून “मिळेल रे” म्हणत राहिलो.

परवा तो पुठ्ठ्याचा डबा घेऊन आला. स्वतः कापलेला. खिडक्या वाकड्या, छप्पर एका अंगाला कललेलं.

“किट काय आता मिळत न्हाय. हे बरं दिसतंय का, सांग की.”

मी उठलो, खोकं काढलं, त्याच्यापुढे ठेवलं. “त्या रविवारी तो मीच होतो, सलीम.”

त्याला कळायला वेळ लागला. मग हळू आवाजात म्हणाला, “तू तर हितंच बसला होतास की रे.”

“हो.”

त्यानं खोकं काखेत मारलं, पुठ्ठ्याचा डबाही उचलला. दारात थांबला. “जोडायला तुला बोलावनार न्हाय.”

“नको बोलावूस.”

खाली टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. मी तिथेच बसून होतो आणि — खरं सांगू? — मला हलकं वाटलं. लाज वाटावी इतकं हलकं. घरी गेलो, पोटभर जेवलो, दुपारी गाढ झोपलो.

सलीम त्यानंतर आलेला नाही. येईल असं मी धरूनही चाललेलो नाही. मी त्याला फसवलं, आणि आता ते त्याला माहीत आहे.