आईच्या हातांचे पाच महिने

आईच्या हातच्या लांबपोळ्या मी शेवटच्या खाल्ल्या तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती, आणि त्याही एका इंजेक्शनच्या कृपेने. ज्यांनी लांबपोळी होताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कणीक इतकी सैल भिजवायची की हातावर धरली तर ओघळेल. मग ती या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मटक्यावर अलगद टाकायची. पोळपाट नाही, लाटणं नाही, सगळा कारभार मनगटांचा आणि बोटांचा. आमच्या गावी, आंजीत, कुणाकडे लग्न असलं की आईला आदल्या दिवशीच निरोप यायचा. ती जरा भाव खायची, आणि जायचीच.

पंचावन्नाव्या वर्षी तिची बोटं सुजायला लागली. सकाळी तासभर मूठ वळायची नाही. वात आहे म्हणून आम्ही निर्गुडीचा पाला बांधला, मोहाचं तेल चोळलं, कुणी सांगितलं म्हणून वांगं बंद केलं. वांगं बंद केल्यावर आई सांध्यांपेक्षा जास्त कण्हायची. चार वर्षांत बोटं वाकडी झाली आणि निरोप यायचे थांबले. लोक समजूतदार होते, त्याचंच तिला वाईट वाटायचं.

मग मी तिला बोरगाव मेघेला माझ्या घरी आणलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात आजारपणाबद्दल शेवटचा शब्द माझा. ही माझी जुनी खोड आहे.

सांध्यांच्या डॉक्टरांनी कागदावर तीन अक्षरं लिहिली, टीएनएफ. शरीरातलं एक प्रथिन. आईकडे वळून ते म्हणाले, "मावशी, शेतात जागल करणारा असतो ना, रानडुकरं आली की ओरडून सगळ्यांना उठवणारा? तसं हे. तुमचा जागल्या डुकरं नसतानाच ओरडतो, आणि धावून आलेले लोक तुमचेच सांधे तुडवतात." मी इतकी वर्षं फळ्यावर सूज शिकवली, पण मला हे इतकं सोपं कधी जमलं नव्हतं. थोडा रागच आला. नुसत्या गोळ्यांनी भागत नव्हतं, म्हणून त्या प्रथिनाचंच तोंड बंद करणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं, दर पंधरा दिवसांनी एक.

"त्याआधी एक सांगा मावशी, तुम्हाला कधी टीबी झाला होता?"

"नाही हो डॉक्टर," मी म्हणाले. "आमच्या घरात कुणालाच नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. एक्स-रेत छातीच्या वरच्या भागात एक जुनी बारीक रेघ दिसली, तेव्हा 'लहानपणी न्यूमोनिया झाला असेल' हेही मीच सुचवलं. हातावरची टीबीची चाचणी कोरी आली. आईला सुजेसाठी होत्या तशा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या की ही चाचणी कधीकधी फसवते, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या इंजेक्शननंतर एका सकाळी स्वयंपाकघरात परात वाजली. आईने कणीक भिजवली होती. माझ्याकडे मटका कुठला असणार? तिने तो बाजारातून आधीच आणवून ठेवला होता, आणि मागच्या अंगणात विटा मांडून चूल केली होती. पहिल्या दोन पोळ्या फाटल्या. तिसरी कोपरापर्यंत आली, आणि आई इतकी हसली की चौथी चुलीत पडली. त्या पाच महिन्यांत तिने माझे ब्लाउज शिवले, शेजारणींना पोळ्या खाऊ घातल्या, आणि रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी माझी वेणी घातली. मी चाळिशी ओलांडलेली बाई खाली सतरंजीवर बसायची, आणि तिची बोटं माझ्या केसांतून फिरायची. उशीर होतो म्हणून मी कुरकुर करायची. आज त्या कुरकुरीची मला लाज वाटते.

सहाव्या महिन्यात तिला रोज संध्याकाळी ताप यायला लागला. वजन उतरलं, खोकला सुटेना. तपासण्या झाल्या आणि टीबी निघाला. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी आईच बोलली. चौदाव्या वर्षी झाला होता. मामाकडे ठेवून सुया दिल्या आणि बरं वाटताच बंद केल्या. गावात सांगितलं, पोरगी शिवण शिकायला गेली आहे. लग्न ठरताना तिच्या आईने बजावलं, हे मरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही.

डॉक्टर सावकाश म्हणाले, टीबीचे सगळे जंतू मरतातच असं नाही. उरलेल्यांना शरीर भिंत घालून कोंडून ठेवतं, आणि ती भिंत राखणारा हाच जागल्या. आपण त्याचं तोंड बांधलं.

बाहेर बाकावर मी आईवर चिडले. "मले तरी सांगायचं होतं ना. काऊन नाई सांगतलं?"

"तू एवढ्या ठसक्यात सांगतलं डॉक्टरले," ती म्हणाली. "मंग मी तुले चारचौघात खोटी कशी पाडू?"

इंजेक्शन बंद झालं. टीबीची औषधं तिने एकही दिवस न चुकवता घेतली आणि ती बरी झाली. हात मात्र पुन्हा मिटले, पहिल्यापेक्षा वाईट. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता जपून पुन्हा सुरू करता येईल, धोका थोडा राहीलच, तुमचा विचार सांगा. या वेळी मी आईकडे पाहिलं. तिने मांडीवरच्या हातांकडे पाहिलं.

"तूच सांग," ती म्हणाली. "तुले समजते त्यातलं."

मी घाबरले होते. नको म्हणाले.

त्यानंतर ती दोन वर्षं होती. तिची वेणी मी घालायची, घासही मीच भरवायची. तिचे ते पाच महिने मला रोज आठवतात आणि रोज हवे असतात. तिलाही हवे होते का, हे मी तिला घरी आल्यावर एकदाही विचारलं नाही. ती हो म्हणाली असती.