बाईंनी परत मागितलेला पलंग

माणूस गेला की त्याच्याबद्दल बोलणाऱ्यांना फार चेव येतो. वाचनालयाच्या वरच्या दालनात बाईंची शोकसभा चालली होती आणि दोन मिनिटं दिलेला प्रत्येक जण दहा मिनिटं घेत होता. टेलिफोन ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणी बोलल्या, कोपऱ्यावरचा औषधवाला बोलला. सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हटकून यायचं, "बाईंनी दिलेली वस्तू कधी परत मागितली नाही." ते आलं की पहिल्या रांगेतल्या लेकीची मान आणखी खाली जायची. कारण दाराजवळच्या खुर्चीत शिंपीकाकू बसल्या होत्या. आणि सगळ्यांच्या शेवटी लेकीलाच बोलायचं होतं.

वस्तूंचं हे प्रकरण सुरू झालं बाईंच्या सासूच्या आजारपणात. सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिच्यासाठी हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होणारा लोखंडी पलंग घेतला होता. सासू गेली आणि महिन्याभरात तो शेजारच्यांनी नेला. मग कोणी वॉकर आणून टाकला, कोणी कुबड्या, कोणी चाकांची खुर्ची. पुढची खोली भरून गेली. बाईंचे यजमान आल्यागेल्याला म्हणायचे, "आमच्याकडे बसायला धड खुर्ची नाही, चाकांच्या मात्र चार आहेत. या, बसा, हवं तर फिरवून आणतो."

बाईंनी पन्नास वर्षं हे केलं, आणि पैकी निम्मी वर्षं नोकरी सांभाळून. लेक शाळेतून येईल तेव्हा घरात कोणीतरी असावं म्हणून त्या रात्रपाळी मागून घ्यायच्या. सकाळी येऊन तिच्या वेण्या घालायच्या, डबा भरायच्या, मग मागच्या अंगणात आजाऱ्यांकडून परत आलेली शौचाची भांडी उकळत्या पाण्याने धूत बसायच्या. त्या झोपायच्या कधी, ते लेकीला अजूनही ठाऊक नाही. लेक छप्पन्न वर्षांची झाली तरी संत्र्याच्या फोडी सोलून तिच्या हातावर ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मात्र लहानपणी पुष्कळदा असं व्हायचं, की ताप लेकीला आणि आई दुसऱ्याच कोणाच्या घरी कुबड्यांची उंची जुळवायला. "काखेत आणि कुबडीत तीन बोटं जागा हवी, नाहीतर हात बधिर होतो," असं त्या घरोघर शिकवत. तो राग लेकीने कधी बोलून दाखवला नाही. पण गेला म्हणावं, तर तेही खरं नाही.

वही त्यांनी कधी ठेवली नाही. "वही ठेवली की उघडावीशी वाटते, उघडली की विचारावंसं वाटतं," त्या म्हणायच्या. "अहो, पलंग परत येतो दोनच कारणांनी. माणूस उठतो, नाहीतर जातो. यातलं कुठलं मी घाईने मागू?" वस्तू आणून देणाऱ्याला त्या काही विचारत नसत. आधी बसवायच्या, चहा द्यायच्या. शिंपीकाकूंशी ओळख झाली ती अशीच. काकूंच्या सासऱ्यांसाठी नेलेला पलंग त्या परत द्यायला आल्या आणि चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत बसल्या. पुढे वीस वर्षं ते बसणं चालूच राहिलं. दोन गल्ल्यांचं तर अंतर.

गेल्या वर्षी काकूंच्या यजमानांची एक बाजू लुळी पडली. शिवणयंत्रावर हयात घालवलेला माणूस एका जागी पडला. पाठीला जखमा व्हायला लागल्या, तेव्हा बाईंनी स्वतः उभं राहून आपला तो एकुलता पलंग त्यांच्याकडे लावून दिला. काकूंना एकटीला त्यांना उठवून बसवणं, कुशीवर वळवणं जमू लागलं ते त्या पलंगामुळे.

आणि मग बाईंच्याच छातीत पाणी भरायला लागलं. आडवं झालं की जीव गुदमरायचा. उशांवर उशा रचल्या तरी त्या घसरायच्या, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई तोंड उघडं टाकून हवा शोधत राहायची. लेकीने भाड्याने पलंग देणाऱ्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, चार दिवस लागतील. हे चार दिवस लेकीला काढवले नाहीत.

ती हातगाडीवाल्याला घेऊन थेट शिंपीकाकूंच्या दारात गेली. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. दारात मात्र एकच वाक्य तोंडातून आलं. "काकू, आईने पलंग परत मागितलाय."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "बाईंनी?"

"हो."

काकूंनी मग हातगाडीवाल्याच्या मदतीने नवऱ्याला उचलून खाली गादीवर ठेवलं, चादर काढून घेतली, पलंग पुसून दिला.

बाईंना त्यावर बसतं केलं आणि त्यांचा श्वास मोकळा झाला. बऱ्याच वेळाने त्यांनी हाताने कठडा चाचपला. "हा तर आपलाच. शिंपी उठला?"

"उठले," लेक म्हणाली. "चालायला लागले."

बाई इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. "मग काकू कशा नाही आल्या? चहा प्यायल्याशिवाय जायची नाही ती बाई."

"येतील. धावपळीत असतील."

रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. बाराव्या दिवशी औषधवाल्याकडून कळलं की शिंपीकाका गेले. लेकीने आईला सांगितलं नाही. आज जाते, उद्या जाते करत तीही त्या घराकडे फिरकली नाही. खोटं बोलायला एक वाक्य पुरतं, ते निस्तरायला मात्र पाय उचलत नाही. आणखी दहा दिवसांनी बाई गेल्या. सगळी गल्ली येऊन भेटून गेली होती, एक काकू सोडून.

आता शोकसभेत लेकीचं नाव पुकारलं गेलं. लिहून आणलेला कागद तिने उघडलाच नाही.

"आईने कधी काही परत मागितलं नाही, हे खरं आहे," ती म्हणाली. "शेवटी एक पलंग परत आला. तो मी मागितला होता, आईचं नाव सांगून. तिला हे माहीत नव्हतं. शिंपीकाका त्या पलंगावर होते."

मग औषधवाला म्हणाला, "लेकीचं काळीज आहे, त्यात एवढं काय!" माना हलल्या. दोघीचौघी तर डोळे पुसत तिला थोपटून गेल्या. तिला ते थोपटणं नको झालं होतं.

दालन रिकामं होईपर्यंत शिंपीकाकू जागच्या हलल्या नाहीत. लेक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"म्हणजे बाईंना ठाऊकच नव्हतं?"

"नाही."

"माझं नाव काढलं कधी?"

"रोज. काकू कशा आल्या नाहीत, म्हणायची."

काकूंनी पदर तोंडाशी धरला. नवरा गेल्यावरही त्या अशा रडल्या नसतील. "मी रोज शिव्या घालत होते गं त्यांना. हे खाली गादीवर कण्हायचे आणि मी तुझ्या आईला शिव्या द्यायचे. त्या गेल्याचा निरोप आला ना, तेव्हा 'बरं झालं' म्हणाले मी. मोठ्याने म्हणाले."

"काकू, माझं चुकलं."

काकूंनी तिचा पुढे आलेला हात झिडकारला नाही आणि धरलाही नाही.

"इथे शंभर माणसांत कशाला सांगितलंस?" त्या म्हणाल्या. "त्या होत्या तेव्हा माझ्याकडे यायचं होतंस. मी आले असते त्यांना भेटायला."