धुतलेली पानं

ट्रेमधली शेपटीवाली पिल्लं पुन्हा कमी झाली होती. कोल्ड रूममध्ये जॅकेट घालून मी ट्रेवर वाकले होते. ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.

मेलबर्नमधलं माझं दुसरं वर्ष. तेव्हा ग्लेन वेव्हर्लीच्या ट्रेनमध्ये इतके आपले विद्यार्थी असत, की मराठीतून कुणाची टवाळी करायचीही चोरी. माझ्या गाइडबाई उत्तर ध्रुवाजवळच्या तळ्यांतल्या किड्यांवर काम करायच्या. वर्षातले बरेच महिने बर्फाखाली असलेल्या पाण्यात कोण काय खातं, आणि कोण कोणाला, हा त्यांचा ध्यास. इथल्या डोंगरातल्या तळ्यातले किडे आणून त्यांनी तसल्याच गारठ्यात ठेवले होते. सांभाळायला मी. प्रयोग पार पडला तर पीएचडीची जागा माझी, नाहीतर व्हिसा संपला की पुण्याला परत. डोंगरातला रस्ता बर्फाने बंद झाला होता, त्यामुळे नवे किडे आणायची सोय नव्हती.

प्रत्येक ट्रेमध्ये दोन जाती. पानांच्या तुकड्यांची नळी करून राहणाऱ्या सुस्त अळ्या, त्या नळीवाल्या. शेपटीला तीन केस असलेली चपळ पिल्लं, ती शेपटीवाली. पुस्तकाप्रमाणे दोन्ही शाकाहारी. मग शेपटीवाली नाहीशी कुठे होत होती? आधी मी जाळीवर संशय घेतला, मग शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीवर. ती बिचारी मला रोज कॉफी विचारायची आणि मी तिच्याकडे चोराकडे बघावं तसं बघायचे.

दुपारी बाई ट्रे बघायला येणार होत्या. मी सकाळपासून स्टूल टाकून तिथेच बसले. एक नळीवाली हळूच पुढे सरकली. शेपटीवालं एक पिल्लू पानाखाली टेकलं होतं. तिने पुढच्या पायांनी त्याला धरलं आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली.

बाई आल्या तेव्हा मी काही लपवलं नाही. त्यांनी ट्रेमधलं एक पान उचलून बोटांत चोळलं.

"हे इतकं स्वच्छ कसं?"

"मी धुते," मी म्हणाले. आमच्या घरी पालेभाजी तीन पाण्यांतून काढल्याशिवाय विळीला लागत नाही. तळ्यातून आलेली ती कुजकी, बुळबुळीत पानं मी तशीच घालणं शक्यच नव्हतं. धुण्याच्या पाण्यात मीठ तेवढं घातलं नव्हतं.

बाई कपाळाला हात लावून खाली बसल्या. मग समजावून सांगितलं. पान म्हणजे नुसतं ताट. त्यावरचा बुळबुळीत थर, तेच जेवण. ते मी रोज घासून सिंकमध्ये सोडत होते. पोटात काही जाईना, म्हणून नळीवाल्या शेजाऱ्यांवर उठल्या होत्या. मला स्वतःचा भयंकर राग आला.

बाई मात्र ट्रेवरून नजर काढेनात. "बर्फाखाली पानांवर काही उरत नसेल, तेव्हा हेच होत असणार," त्या म्हणाल्या. "जागा तुझी. उद्यापासून अर्ध्या ट्रेंना तशीच पानं घाल. बाकीच्यांची धूत राहा."

म्हणजे आता अर्ध्या किड्यांना ठरवून उपाशी ठेवायचं होतं.

बाहेर येऊन आईला फोन लावला. जागा मिळाली म्हटल्यावर ती रडायलाच लागली. मग नाक ओढत म्हणाली, "त्या मुक्या जिवांना नीट खायला घालतेस ना गं? पानं धुऊन घाल हो."

"तीन पाण्यांनी धुते," मी म्हणाले.